उष्ण देशांतील हिमरात्र

घर बांधणारा मनुष्य आपल्या देशाच्या हवेशीं एक प्रकारचा करार करीत असतो. कोंकणांतील घराचें छप्पर उतरतें असतें, कारण तेथें पाऊस दरवर्षीं ठरल्या वेळीं येतो. देशावरील जुन्या वाड्यांच्या भिंती हातभर रुंद असतात, कारण वैशाखांतील ऊन कधीं चुकत नाहीं. हिमालयाच्या कुशींतील कित्येक खेड्यांत गुरें खालच्या मजल्यावर व माणसें वरच्या मजल्यावर राहतात, कारण गुरांच्या अंगची ऊबहि तेथें वायां घालवून चालत नाहीं. नेमानें येणाऱ्या शत्रूचा बंदोबस्त कसा करावा हें मनुष्याला कोणीं शिकवावें लागत नाहीं. प्रश्न उभा राहतो तो अनियमित शत्रूचा. जो दहा-वीस वर्षांतून एकदां येतो, दोन-तीन रात्रीं मुक्काम करतो आणि निघून जातो, त्याच्यासाठीं घर कसें बांधावें? त्याच्यासाठीं खर्च किती करावा? आणि तो गेल्यावर त्याची आठवण कोणीं ठेवावी?

ह्या प्रश्नाचा इतिहास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागांत जितका स्पष्ट वाचावयास मिळतो तितका क्वचितच इतरत्र मिळत असेल. फ्लॉरिडा, लुइझियाना, टेक्सास हीं संस्थानें उष्ण आहेत. मिसिसिपी नदीच्या मुखाजवळचें न्यू ऑर्लिन्स हें शहर आपल्या हरद्वारच्या अक्षांशावर आहे आणि टेक्सासांतील ह्यूस्टन त्याच्याहि किंचित् दक्षिणेस आहे. ह्या प्रदेशांत ऊंस, भात आणि कापूस पिकतो, फ्लॉरिडांत संत्र्यांच्या बागा डोलतात, आणि उन्हाळ्यांतील दमट उकाडा मुंबईकरालाहि परका वाटूं नये असा असतो. तथापि हरद्वारला जें भय नाहीं तें न्यू ऑर्लिन्सला आहे. हिंदुस्थानच्या उत्तरेस हिमालयाची भिंत आडवी उभी आहे, आणि सैबेरियावरून येणारा गोठलेला वारा ह्या भिंतीपलीकडे अडून राहतो. उत्तर अमेरिकेंत अशी पूर्व-पश्चिम भिंत नाहीं. तेथील रॉकी पर्वत उत्तर-दक्षिण पसरला आहे. त्याच्या पूर्वेस ध्रुवप्रदेशापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत मैदानेंच मैदानें आहेत. उत्तर ध्रुव आणि आपण ह्यांच्यामध्यें काटेरी तारेच्या कुंपणावांचून दुसरा अडसर नाहीं, असें टेक्सासचे शेतकरी थट्टेनें म्हणतात, आणि ती थट्टा भूगोलाच्या दृष्टीनें पुष्कळशी खरी आहे.

ह्या उत्तरेकडच्या वाऱ्याला तेथें ‘ब्ल्यू नॉर्दर’ असें नांव आहे. तो किती आकस्मिक असतो हें एका उदाहरणावरून ध्यानांत येईल. ११ नोव्हेंबर १९११ रोजीं ओक्लाहोमा शहरांत दुपारीं पारा २८ अंश सेंटिग्रेडवर होता, आणि त्याच दिवशीं मध्यरात्रीपूर्वीं तो शून्याखालीं ८ अंशांवर उतरला. त्या तारखेचा उष्णतेचा उच्चांक आणि थंडीचा नीचांक हे दोन्ही एकाच दिवशीं नोंदले गेले. सकाळीं अंगरखा काढून शेतांत गेलेला मनुष्य संध्याकाळीं हिमवर्षावांत घरीं परतावा, असा हा प्रकार. आणि घरीं परतला तरी तें घर कशासाठीं बांधलेलें होतें?

तें बांधलेलें होतें उकाड्यासाठीं. दक्षिणेंतील जुन्या वसाहतवाल्यांचें घर म्हणजे बहुधा दोन खोल्या आणि त्यांच्यामधून आरपार जाणारा उघडा बोळ. ह्या बोळांतून वारा खेळावा आणि दुपारीं घरांतील माणसांनीं व कुत्र्यांनीं तेथें पडून राहावें, अशी योजना असे. छत उंच, भोंवतीं पडवी, आणि सबंध घर खांबांवर किंवा विटांच्या ठोकळ्यांवर जमिनीपासून हात-दीड हात उचललेलें, म्हणजे खालूनहि वारा वाहावा आणि ओल चढूं नये. उन्हाळ्यासाठीं ह्याहून शहाणपणाची रचना सुचणें कठीण. पण जें घर वाऱ्याला बोलावतें तें शीतवाऱ्यालाहि बोलावतें. अशा घरांत थंडीवर एकच उपाय होता, तो म्हणजे चूल. हिमाची रात्र आली कीं सारें कुटुंब एका खोलींत गोळा होई, दारांच्या फटींत चिंध्या कोंबल्या जात, लांकडें रात्रभर जळत, आणि दोन दिवसांनीं दक्षिणेचें ऊन पुन्हां पडलें कीं सर्व विसरलें जाई. घरांत नळ नव्हता, म्हणून फुटण्यासारखें कांहीं नव्हतें. आडाचें पाणी जमिनीच्या उबेनें न गोठतां राही. त्या काळीं हिमाचा खरा घाला पडे तो घरावर नव्हे, बागेवर.

ह्या घाल्याची पहिली मोठी नोंद फेब्रुवारी १८३५ ची आहे. त्या महिन्यांत फ्लॉरिडाच्या उत्तर भागांत पारा शून्याखालीं १३ अंशांवर गेला आणि सेंट ऑगस्टीनच्या भोंवतालच्या जुन्या संत्र्यांच्या बागा मुळांपर्यंत मेल्या. लोकांनीं पुन्हां लावणी केली. पुढें साठ वर्षांत बागा दक्षिणेकडे पसरल्या, आगगाडी आली, उत्तरेकडील श्रीमंत शहरांतून संत्र्यांना मागणी आली, आणि फ्लॉरिडांत संत्र्याचें झाड म्हणजे सोन्याची खाण असा समज दृढ झाला. बँकांनीं बागांवर कर्जें दिलीं. लोकांनीं कर्जावर घरें बांधलीं. २९ डिसेंबर १८९४ रोजीं ऑर्लँडो येथें पारा शून्याखालीं सुमारें ८ अंशांवर उतरला. फळें झाडांवरच गोठलीं, पानें गळलीं, पण झाडें मेलीं नाहींत. उलट त्यानंतरचा जानेवारी महिना इतका उबदार गेला कीं झाडांना कोंवळी पालवी फुटली, खोडांत रस चढला, आणि वर्ष बुडालें तरी बाग वांचली अशा समाधानानें लोक कामाला लागले. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्याअखेर दुसरी लाट आली. रसानें भरलेलीं खोडें गोठून तडकलीं. पहिल्या लाटेनें फळ नेलें होतें, दुसरीनें झाड नेलें. दरवर्षीं पन्नास-साठ लाख पेट्या फळ देणाऱ्या ह्या संस्थानांत पुढच्या हंगामांत लाख-दीड लाख पेट्यांपलीकडे फळ निघालें नाहीं, आणि तो आंकडा पुन्हां दहा लाखांवर जाण्यास नवें शतक उजाडावें लागलें. कित्येक कुटुंबें घरदार आहे तसें टाकून निघून गेलीं.

ह्याच आपत्तींतून मायामी शहराचा उदय झाला, अशी एक आख्यायिका सांगतात. तेथील जमीनमालकीण ज्यूलिया टटल हिनें थंडी न पोंचलेल्या आपल्या बागेंतील संत्र्याचा मोहोर आगगाडीचा मालक हेन्री फ्लॅग्लर ह्याजकडे धाडला आणि लोहमार्ग दक्षिणेकडे वाढविण्यास त्याचें मन वळविलें. मोहोराची गोष्ट खरी असो वा नसो, एप्रिल १८९६ मध्यें आगगाडी मायामीस पोंचली आणि त्याच वर्षीं जुलैमध्यें त्या गांवाला शहराचा दर्जा मिळाला, हा इतिहास आहे. थंडीशीं लढण्यापेक्षां तिच्या वाटेंतून दूर होणें हाहि एक उपाय असतो.

पण जे दूर झाले नाहींत त्यांनीं एक साधी विद्या हस्तगत केली, आणि ती आजहि उद्‌बोधक आहे. संत्र्याचें झाड कलमी असतें. खालचें मूळ काटक जातीचें व वरची फांदी गोड फळाची. हिमानें वरचें सर्व झाड मेलें तरी चालेल, पण कलमाचा सांधा जगला पाहिजे. कारण तो मेला तर मुळांतून फुटणारा अंकुर आंबट फळाचा असतो. म्हणून बागवान हिंवाळा लागण्यापूर्वीं प्रत्येक कोंवळ्या झाडाच्या खोडाभोंवतीं सांध्याच्या वरपर्यंत मातीचा ढीग रचूं लागले आणि वसंत ऋतूंत तो काढूं लागले. ह्यांत सर्व झाड वांचविण्याचा अट्टाहास नाहीं. ज्याच्यापासून बाकीचें पुन्हां उभें राहूं शकेल असा मर्मभाग कोणता, हें आधीं ओळखावयाचें आणि जें थोडें बळ हातीं आहे तें त्याच्याभोंवतीं लावावयाचें. क्वचित् येणाऱ्या संकटाचा बंदोबस्त करण्याचें हें जणूं सूत्रच होय.

चारच वर्षांनीं, फेब्रुवारी १८९९ मध्यें, सबंध दक्षिणेनें ज्याची दहशत घ्यावी असा हिंवाळा आला. फ्लॉरिडाची राजधानी टॅलाहासी येथें पारा शून्याखालीं सुमारें १९ अंशांवर गेला, आणि तो नीचांक त्या संस्थानांत अद्यापि मोडला गेलेला नाहीं. टेक्सासच्या किनाऱ्यावरील गॅल्व्हेस्टनचा उपसागर जवळजवळ गोठला. मिसिसिपी नदींतून बर्फाचे तुकडे न्यू ऑर्लिन्सवरून वाहत जाऊन आखाताच्या उष्ण पाण्यांत पडले. ह्यावेळेपर्यंत शहरांतून नळ आले होते, आणि खांबांवर उचललेल्या घरांच्या खालून ते उघडेच गेले होते. उन्हाळ्यांत जो वारा घराखालून खेळावा म्हणून घर उचललें होतें, तोच वारा आतां नळांना झोंबूं लागला.

विसाव्या शतकांत ह्या कथेला नवें वळण लागलें. खेडोपाडीं वीज नेण्यासाठीं अमेरिकन सरकारनें १९३५ सालीं एक स्वतंत्र खातें काढलें. विजेबरोबर पंप आला आणि पंपाबरोबर पाणी घराच्या आंत आलें. दुसऱ्या महायुद्धानंतर घर थंड ठेवणारें यंत्र सामान्य कुटुंबाच्या आवांक्यांत आलें आणि त्यानें दक्षिणेच्या घराचें रूपच पालटलें. उंच छत, आरपार बोळ, पडवी ह्यांची गरज उरली नाहीं. घर जमिनीवर ओतलेल्या काँक्रीटच्या लादीवर बसलें. लादीखालीं जागा नाहीं म्हणून पाण्याचे नळ कित्येक ठिकाणीं छपराखालच्या पोटमाळ्यांतून किंवा बाहेरच्या भिंतींतून नेण्यांत आले. चूल गेली किंवा शोभेपुरती उरली, आणि ऊबहि विजेवर अवलंबून राहूं लागली. पूर्वींचें घर थंडीपुढें दुबळें होतें खरें, पण त्याची चूल दुसऱ्या कोणावर अवलंबून नव्हती. नवें घर बळकट दिसत होतें. मात्र त्याचा प्राण दूरच्या वीजगृहांत ठेवलेला होता, लोककथेंतील राक्षसाचा प्राण पोपटांत असतो त्याप्रमाणें.

येथें नळ फुटतो म्हणजे काय होतें, हें समजून घेणें इष्ट आहे. पाणी गोठतांना सुमारें नऊ टक्क्यांनीं फुगतें आणि त्या फुगण्यानें नळ फुटतो, अशी सामान्य समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. बर्फ नळांत एखाद्या ठिकाणीं धरूं लागला कीं तो बुचासारखा बसतो आणि वाढतां वाढतां पुढील पाणी बंद तोटीकडे रेटीत नेतो. बूच आणि तोटी ह्यांच्यामध्यें कोंडलेल्या पाण्याचा दाब भयंकर वाढतो आणि नळ फुटतो तो बहुधा ह्याच टप्प्यांत, जेथें कदाचित् बर्फ मुळींच नसतो. म्हणूनच हिमाच्या रात्रीं तोटी किंचित् उघडी ठेवून पाण्याची बारीक धार चालूं ठेवण्याची जी जुनी रीत आहे ती शास्त्रशुद्ध ठरते. वाहतें पाणी गोठत नाहीं एवढाच तिचा अर्थ नाहीं. पुढें बर्फ धरला तरी कोंडलेल्या दाबाला वाट मिळते, हा तिचा मुख्य गुण. इलिनॉय विश्वविद्यालयांतील संशोधकांनीं विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत दक्षिणेंतल्या घरांसारखे पोटमाळे घेऊन प्रयोग केले. बाहेरचें उष्णमान शून्याखालीं सुमारें ७ अंशांपर्यंत उतरलें कीं उघड्या नळांना खरा धोका सुरू होतो, असें त्यांना आढळलें. ही सीमा दक्षिणेच्या घरांसाठीं आहे. उत्तरेंतील घरांचे नळ घराच्या गर्भांत, उबेच्या बाजूस असतात, म्हणून तेथें ह्याहून कितीतरी कडक थंडींतहि ते सुरक्षित राहतात. थंडी मोठी कीं लहान ह्यापेक्षां घर तिची अपेक्षा करीत होतें कीं नाहीं, ह्यावर सर्व अवलंबून असतें.

डिसेंबर १८९४ च्या लाटेनें जसें पूर्वसूचना देऊन पाहिलें, तसेंच टेक्सासमध्यें वीजयंत्रणेच्या बाबतींत घडलें. डिसेंबर १९८९ मध्यें ह्यूस्टन येथें पारा शून्याखालीं सुमारें १४ अंशांवर गेला. वीजगृहांतील यंत्रें व दाब मोजणाऱ्या बारीक नळ्या गोठल्या आणि वीज आळीपाळीनें बंद करावी लागली. चौकशी झाली, यंत्रांना वेष्टनें घालावीं असा सल्ला देण्यांत आला. पण तो सल्लाच होता, सक्ती नव्हती. फेब्रुवारी २०११ मध्यें तेंच पुन्हां घडलें आणि सुमारें ३२ लाख ग्राहकांना अंधाराचा अनुभव घ्यावा लागला. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें प्रसिद्ध झालेल्या मध्यवर्ती सरकारच्या अहवालानें १९८९ च्या शिफारशी कशा विसरल्या गेल्या हें सप्रमाण दाखविलें आणि जवळजवळ त्याच शिफारशी पुन्हां केल्या. त्याहि बहुतांशीं कागदावर राहिल्या. ह्याचें कारण दुष्टपणा नव्हे. दहा वर्षांत एकदां उपयोगीं पडणाऱ्या वस्तूवर आज पैसा घालणारा व्यापारी बाजारांत महाग ठरतो आणि न घालणारा स्वस्त. दहांपैकीं नऊ वर्षें निष्काळजी मनुष्यच शहाणा दिसतो.

दहावें वर्ष उगवलें तें फेब्रुवारी २०२१ मध्यें. १५ तारखेच्या पहांटेपूर्वीं एकामागून एक वीजगृहें बंद पडूं लागलीं. टेक्सासची वीजयंत्रणा १९३५ च्या कायद्यापासून मध्यवर्ती नियंत्रण टाळण्याकरितां शेजारच्या संस्थानांपासून बव्हंशीं अलग ठेवलेली आहे. त्यामुळें संकटसमयीं उसनी वीजहि फारशी मिळेना. विजेच्या प्रवाहाचीं आवर्तनें दर सेकंदाला ६० असावीं लागतात. तीं ५९.४ च्या खालीं जाऊन नऊ मिनिटें राहिलीं असतीं तर उरलेलीं वीजगृहें आपोआप तुटून सबंध संस्थान कित्येक आठवडे अंधारांत बुडण्याचा संभव होता. नियंत्रकांनीं घाईघाईनें लक्षावधि घरांची वीज तोडून हा प्रसंग टाळला, तेव्हां चार मिनिटें आणि सदतीस सेकंद शिल्लक होते. सर्वांत बिकट वेळीं तोडलेली वीज २०,००० मेगावॉट होती. पुढील तीन दिवसांत ४५ लाखांहून अधिक घरें व दुकानें अंधारांत राहिलीं. डॅलस येथें पारा शून्याखालीं १९ अंशांवर उतरला होता.

ह्या अंधारांत एक विचित्र दुष्टचक्र सुरू झालें. वीजगृहें मुख्यत्वें नैसर्गिक वायूवर चालतात. वायु खणून काढणारीं व नळांतून ढकलणारीं यंत्रें कांहीं ठिकाणीं विजेवर चालतात, आणि वीज तोडतांना त्यांचीहि वीज तोडली गेली. वायु नाहीं म्हणून वीज नाहीं, वीज नाहीं म्हणून वायु नाहीं. घरांत ऊब नाहीं म्हणून पोटमाळ्यांतले नळ गोठले आणि फुटले. फुटलेल्या नळांतून पाणी वाहिलें म्हणून शहराच्या जलवाहिन्यांतला दाब उतरला. दाब उतरल्यामुळें पाणी दूषित होण्याचें भय उत्पन्न झालें, आणि एक कोटि चाळीस लाखांहून अधिक लोकांना पाणी उकळून पिण्याची सूचना देण्यांत आली. तीहि विजेवांचून उकळणार कशावर? गोठूं नये म्हणून तोटी वाहती ठेवण्याची जुनी सुज्ञ रीतहि येथें उलटली. सबंध शहरानें ती एकाच वेळीं पाळल्यावर टाक्या रित्या होऊं लागल्या, आणि ह्यूस्टनच्या अधिकाऱ्यांना, तोट्या वाहत्या ठेवूं नका, अशी विनंती लोकांस करावी लागली.

संस्थानाच्या आरोग्यखात्यानें ह्या वादळाच्या मृतांचा अंतिम आंकडा २४६ दिला. त्यांतील सुमारें दोन-तृतीयांश लोक थंडीनें गारठून मेले, आणि त्यांपैकीं कित्येक आपल्याच घरांत, आपल्याच अंथरुणांत मेले. वृद्ध होते, एकटे होते, ज्यांचें श्वासोच्छ्वासाचें यंत्र विजेवर चालत असे असे रोगी होते. कांहींजण उबेसाठीं कोळशाची शेगडी किंवा बाहेर ठेवावयाचें विजेचें इंजिन घराच्या आंत आणून, अथवा बंद गॅरेजमध्यें मोटार चालूं ठेवून, कार्बन मोनॉक्साइड वायूनें गुदमरले. ह्या वायूला रंग नाहीं, वास नाहीं, तो झोंपेंतल्या माणसाला जागें करीत नाहीं. उत्तर हिंदुस्थानांत दर हिंवाळ्यांत बंद खोलींतील अंगिठीनें जे मृत्यु घडतात त्यांचेंहि कारण हेंच. थंडीनें जितकें भय आहे तितकेंच तिच्यावरील उतावीळ उपायानेंहि आहे, ही गोष्ट दोन्ही देशांना सारखीच लागू पडते.

आतां घरापुरता विचार केला तर ह्या सव्वाशें वर्षांच्या अनुभवानें दक्षिणेंतील गृहस्थाला जें शिकविलें आहे तें फार खर्चाचें नाहीं. घरांत येणारा मुख्य नळ कोठें बंद होतो, त्याची झडप फिरते कीं गंजून बसली आहे, हें घरांतील प्रत्येक प्रौढ माणसाला ठाऊक असावें. कारण नळ फुटल्यावर पहिल्या दोन मिनिटांत जें होईल त्यावर घराचें छत वांचणें अवलंबून असतें. बाहेरच्या तोट्यांना आणि पोटमाळ्यांतील नळांना हिंवाळ्यापूर्वींच वेष्टन असावें. तें नसेल तर जुनीं फडकीं, गोणपाट हेंहि कांहींच नसण्याहून बरें. मोरीखालच्या कपाटांचीं दारें त्या रात्रीं उघडीं ठेवावीं, म्हणजे खोलींतील ऊब नळांपर्यंत पोंचते. वीज जाण्याचा रंग दिसतांच पिण्याचें पाणी भरून ठेवावें, मुख्य झडप बंद करावी आणि नळांतील पाणी काढून टाकावें. रिता नळ फुटत नाहीं. सर्व घर उबदार ठेवण्याचा नाद सोडून एकच लहान खोली निवडावी, खिडक्यांना जाड पडदे लावावे आणि तेथें सर्वांनीं एकत्र राहावें. ही शेवटची युक्ति तर आरपार बोळाच्या त्या जुन्या घरांतलीच आहे. आणि शेजारीं कोणी म्हातारें माणूस एकटें असेल तर त्यालाहि त्याच खोलींत आणावें. मर्मभाग ओळखून त्याच्याभोंवतीं माती रचणें तें हेंच. फरक इतकाच कीं येथें सांधा झाडाचा नाहीं.

पण प्रत्येकानें आपलें घर संभाळलें म्हणजे झालें काय? जानेवारी २०१० मधील एक प्रकार ह्या बाबतींत मननीय आहे. फ्लॉरिडांत प्लँट सिटी ह्या गांवाभोंवतीं स्ट्रॉबेरीचे मळे आहेत. पाणी गोठतांना दर ग्रॅममागें सुमारें ८० कॅलरी उष्णता बाहेर टाकतें. म्हणून रोपांवर सतत पाणी शिंपडीत राहिलें तर त्यांच्यावर बर्फाचें कवच चढतें, पण आंतलें रोप शून्य अंशाखालीं फारसें जात नाहीं आणि वांचतें. त्या वर्षीं थंडी अकरा दिवस राहिली आणि सर्व शेतकऱ्यांनीं रात्रंदिवस जमिनींतून पाणी उपसलें. पिकें पुष्कळशीं वांचलीं. पण भूगर्भांतील पाण्याची पातळी साठ फूट खालीं गेली, शेंकडों घरांच्या विहिरी आटल्या, आणि पाण्याचा आधार सुटल्यामुळें जमीन खचून शंभराहून अधिक खड्डे पडले. त्यांतील कांहीं घरांलगत व रस्त्यांत होते. प्रत्येक शेतकऱ्याचें करणें रास्त होतें, आणि सर्वांचें मिळून अनिष्ट ठरलें. तोटी वाहती ठेवणाऱ्या ह्यूस्टनकराची कथा ह्याहून निराळी नाहीं. घराची तयारी आणि गांवाची तयारी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीनें दुसरीची उणीव भरून निघत नाहीं.

२०२१ च्या जूनमध्यें टेक्सासनें कायदा करून वीजगृहांना थंडीचा बंदोबस्त सक्तीचा केला. ३२ वर्षांपूर्वींचा सल्ला अखेर आज्ञा झाला. डिसेंबर २०२२ मध्यें पुन्हां कडक लाट आली तेव्हां टेक्सासची यंत्रणा टिकली. उलट टेनेसी नदीच्या खोऱ्यांतील सरकारी वीजसंस्थेला, १९३३ मधील स्थापनेपासून प्रथमच, आळीपाळीनें वीज तोडावी लागली. ज्यानें मार खाल्ला होता तो सावध होता, ज्यानें खाल्ला नव्हता तो नव्हता. जानेवारी २०२५ मध्यें तर न्यू ऑर्लिन्सच्या विमानतळावर आठ इंच हिम पडलें. पृथ्वीचें सरासरी उष्णमान वाढत आहे आणि अशा थंड रात्री एकंदरींत विरळ होत आहेत. पण विरळ होणें म्हणजे नाहींशा होणें नव्हे. उलट जितकी ती रात्र विरळ, तितकी तिची आठवण पुसट, आणि तितकी तयारी कमी.

महाराष्ट्राला ह्या कथेंतून घेण्यासारखें कांहीं आहे काय? आपल्याकडे नळ फुटावेत अशी थंडी पडत नाहीं. मुंबईंत सांताक्रूझ येथें २२ जानेवारी १९६२ रोजीं पारा ७.४ अंशांवर उतरला, हाच तेथील नीचांक. तथापि नाशिक जिल्ह्यांत निफाडच्या द्राक्षबागाइतदाराला हिमरात्रीची ओळख सांगावी लागत नाहीं. पारा उतरला कीं पक्व होत आलेले मणी तडकतात, म्हणून तो पहांटे उठून बागेंत शेकोट्या पेटवितो आणि वेलींना पाणी सोडतो. फ्लॉरिडाच्या बागवानाचीच ही विद्या, निराळ्या मातींत. आणि ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन ह्या शहरांतून आज जीं मराठी कुटुंबें नांदत आहेत, त्यांना तर ती फेब्रुवारीची रात्र प्रत्यक्षच भोगावी लागली.

परंतु खरा बोध थंडीपुरता नाहीं. नित्य येणाऱ्या संकटाची आठवण निसर्ग स्वतः करून देतो. क्वचित् येणाऱ्या संकटाची आठवण समाजाला बुद्धिपुरस्सर जपून ठेवावी लागते, नियमांत, बांधणींत आणि सवयींत. जो अहवाल कपाटांत राहतो ती आठवण नव्हे. फ्लॉरिडाच्या बागवानानें दर हिंवाळ्यापूर्वीं झाडाच्या बुडाशीं मातीचा ढीग रचला आणि बहुतेक वर्षीं तो उगीचच रचला. ती उगीच केलेली मेहनत हीच त्या बागेची स्मरणशक्ति होती.